भाचीचं बुसान

कोरियाला जाऊन आलो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: सोलमध्ये काय काय पाहिलंत? सोलला आम्ही होतो, राजवाडेही पाहिले, पण पाय मोकळे करून राहिलो ते बुसानला. माझी भाची तिथल्या विद्यापीठात पीएच.डी. करते. "मावशी, तुम्ही दोघं सोलला येऊन परस्पर परत गेलात तर मी आईकडे नाव सांगेन," असा तिचा दम होता, आणि तिच्या आईला आम्ही सगळेच घाबरतो.

बुसान कोरियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. वस्ती तेहतीस लाखांच्या आसपास, देशातलं सगळ्यात मोठं बंदर. सपाट जागा इतकी कमी की डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि शहर मधल्या फटींत मिळेल तिथे शिरलेलं आहे. म्हणून इथे मेट्रो बोगद्यांतून पळते आणि घरं कड्यांवर चढतात.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. व्हिसा आधी काढावा लागतो, मुंबईहून थेट विमान नाही, याउपर प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एक माहिती मात्र पुढे लागणार आहे: मी सगळं खाते. आमचे हे मासे आणि कोंबडीपर्यंत येतात, आणि गुरुवार कडक पाळतात.

बुधवार: जागालची

सोलहून केटीएक्स या वेगवान गाडीने अडीच-पावणेतीन तासांत बुसान. भाची फलाटावरच होती. पहिल्या मिनिटाला तिने आमच्या फोनमधून गूगलचा नकाशा बाजूला सारला आणि इथल्या लोकांचा नेव्हर मॅप घालून दिला. कोरियात गूगल चालत जायचा रस्ता धड दाखवत नाही, त्यामुळे हे सोलला उतरल्याउतरल्याच करायला हवं होतं. सोलमध्ये घेतलेलं टी-मनी कार्ड मात्र इथल्या मेट्रोला आणि बसला चालतं. त्यात पैसे भरताना रोख लागते, आपलं कार्ड ते यंत्र घेत नाही, म्हणून थोड्या नोटा खिशात असू द्याव्यात. हजार वॉन म्हणजे साधारण साठ रुपये धरा.

सामान टाकून नांपो-दोंगला गेलो. इथल्या बिफ चौकाला चित्रपट महोत्सवाचं नाव आहे. बुसानचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९६ साली सुरू झाला तो याच भागातल्या थिएटरांत. आता मुख्य कार्यक्रम शहराच्या दुसऱ्या टोकाला होतो, इथे उरलेत फरशीत बसवलेले दिग्दर्शकांच्या हातांचे ठसे आणि त्यांवर उभं राहून खाणारी माणसं. खायचं ते सिआत होत्तोक. पिठाचा गोळा भरपूर तुपकट तव्यावर दाबून तळतात, कात्रीने त्याचं तोंड उघडतात आणि आत साखरेबरोबर सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या बिया चमच्याने कोंबतात. कागदी पेल्यात देतात. पहिला घास घाईने घेऊ नये, आतला पाक जीभ भाजतो.

तिथून रस्ता ओलांडला की जागालची. कोरियातला सगळ्यात मोठा मासळीबाजार म्हणून याची ख्याती आहे. मोठ्या इमारतीत खाली जिवंत मासळीचे हौद आणि वर खानावळी, पण खरी मजा बाहेरच्या गल्लीत, छत्र्यांखाली. हाताच्या पंजाएवढी रुंद वाकटी आरशासारखी चकाकत होती. माकूल, खेकडे, शिंपल्यांचे कितीतरी प्रकार होते आणि काही प्राणी असे की त्यांना प्राणी म्हणावं का हाच प्रश्न पडावा. विकायला बसलेल्या बहुतेक सगळ्या बायकाच, रबरी बूट घातलेल्या, साठीच्या पुढच्या. त्यांचं बोलणं ऐकून मला वाटलं भांडण लागलं. भाची म्हणाली, "नाही गं, ती तिला चहा पिणार का विचारतेय. बुसानचे लोक असेच बोलतात."

एवढ्यात हे दिसेनात. सापडले ते बांगड्यांच्या टोपलीपुढे. इथला गोदुंगो आपल्या बांगड्याच्याच कुळातला, आणि तो या शहराचा अधिकृत मासा आहे. आमच्या ह्यांनी चक्क मराठीत "केवढ्याला?" असं विचारून दोन बोटं वर केली होती, आणि ती बाई तिच्या भाषेत तितक्याच खणखणीत आवाजात काहीतरी सांगत होती. दोघांचं व्यवस्थित जमलं होतं. भाचीने मध्ये पडून सांगितलं की कच्चा घेऊन हॉटेलच्या खोलीत काय करणार, तेव्हा बाईने मागच्या भाजणाऱ्या दुकानाकडे बोट केलं. तिथे बांगडा उभा चिरून, जाड मीठ लावून जाळीवर भाजतात आणि भात, किमची म्हणजे आंबवलेली तिखट कोबी, आणि सूप यांबरोबर देतात. "नुसतं मीठ? तिखट कुठाय?" अशी सुरुवात करून ह्यांनी दुसरं ताट मागवलं.

इमारतीत वर बसून खायचं असेल तर मासळीच्या दरावर माणशी टेबलाचे पैसे वेगळे लागतात, ते आधी विचारून घ्यावं. महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी इमारत बंद असते.

जेवताना भाचीने १९५० चा विषय काढला. त्या वर्षी जूनमध्ये उत्तर कोरियाची फौज खाली उतरली, तीन दिवसांत सोल पडलं, आणि ऑगस्टपर्यंत दक्षिणेच्या हातात उरला होता तो नाकदोंग नदीमागचा हा एक कोपरा. बुसान शेवटपर्यंत पडलं नाही. युद्धाच्या काळात १,०२३ दिवस हेच देशाची राजधानी होतं, आणि अर्ध्या देशातून निघालेली माणसं इथे येऊन थांबली, कारण पुढे समुद्र होता. काही वर्षांत वस्ती दुपटीच्या घरात गेली. "उद्यापासून जे पाहशील ना मावशी, त्यात कुठेतरी हे असणारच," ती म्हणाली. मला ती पीएच.डी.च्या सवयीने बोलतेय असं वाटलं होतं.

गुरुवार: समुद्रावरचं देऊळ

पाऊस नव्हता, पण धुकं होतं आणि वारा कानात शिरत होता. एप्रिल म्हणजे वसंत, असं समजून आणलेली पातळ जाकिटं कामाची नाहीत. कानटोपी हवी.

हेउन्देच्या किनाऱ्याहून बसने हेदोंग योंगगुंगसा या देवळात. कोरियातली बहुतेक बौद्ध मंदिरं डोंगरात आहेत, हे मात्र लाटांच्या तोंडावरच्या खडकात. १३७६ साली नाओंग नावाच्या भिक्षूने याची स्थापना केली, असं मंदिराची परंपरा सांगते. हा नाओंग ज्यांचा शिष्य, ते ध्यानभद्र मगधाहून निघून चीनपर्यंत आलेले भारतीय भिक्षू होते. सोळाव्या शतकाच्या शेवटी जपानी स्वारीत देऊळ जळालं, आजच्या इमारती विसाव्या शतकातल्या आहेत. त्यामुळे प्राचीन वास्तुकला शोधायला इथे जाऊ नये, जागा पाहायला जावं.

वाटेवर आधी बारा राशींच्या प्राण्यांचे पुतळे लागतात, मग एक मनोरा, जो गाड्यांचे अपघात होऊ नयेत म्हणून बांधलाय. खाली कोरलेली टायरं आहेत. टॅक्सीवाले इथे थांबून मनापासून हात जोडतात. पुढे मुलगा व्हावा म्हणून ज्याच्या पोटावरून हात फिरवतात तो गुटगुटीत बुद्ध आहे, पोट हातांनी काळं तुळतुळीत झालेलं. एकशे आठ पायऱ्या उतरल्या की समोर धुक्यात देऊळ आणि खाली फुटणाऱ्या लाटा. एकशे आठ ऐकल्यावर ह्यांनी पायऱ्या मोजायला घेतल्या. एका शाळेच्या सहलीने मध्येच ओलांडून त्यांचा हिशेब मोडला.

प्रवेश मोफत आहे. दहाच्या आत पोचा, नंतर पायऱ्यांवर माणसांची रांगच हलते.

आता गुरुवारचं जेवण. शाकाहारी माणसासाठी कोरियात खरी अडचण मांसाची नाही, ते डोळ्यांना दिसतं. अडचण रश्शाची. साधं भाजीचं सूपही सुक्या मासोळीच्या पाण्यात शिजतं, आणि किमचीत खारवलेली मासळी असते. भाचीने बिबिंबाप, म्हणजे वर भाज्या घातलेला भात, अंड्याशिवाय, मांसाशिवाय मागवून दिला. ह्यांनी शेजारच्या वाट्यांकडे संशयाने पाहत तो खाल्ला. रात्री मात्र मी घरून आणलेलं मेतकूट काढलं. कोपऱ्यावरच्या कुठल्याही छोट्या दुकानात शिजवलेल्या भाताचे बंद डबे मिळतात, दुकानातच मायक्रोवेव्ह असतो, दीड-दोन मिनिटांत गरम भात तयार. मेतकूट, घरून नेलेलं तूप, लिंबाचं लोणचं. शाकाहारी वाचकांनी हा परिच्छेद जपून ठेवावा.

दुपारी मिपोहून ब्लूलाइन पार्कची छोटी गाडी घेतली. जुनी रेल्वे आत वळवल्यावर किनाऱ्याचे रूळ रिकामे पडले, त्यांवर २०२० पासून ही पर्यटकांची गाडी चालते. चॉंगसापोवरून सोंगजॉंगपर्यंत ४.८ किलोमीटर. सगळ्या बाकांची तोंडं समुद्राकडे. वरच्या रुळांवरून चार माणसांचे रंगीत डबे फिरतात, त्यांचेच फोटो सगळीकडे दिसतात, पण ते महाग आहेत आणि आधी आरक्षण करावं लागतं. आमच्या मते गाडीने जाऊन परत येताना रुळांशेजारच्या लाकडी वाटेने चालत यावं. धुकं उठलं तेव्हा दालमाजीच्या टेकडीवर चेरी फुललेली दिसली. खाली पाकळ्यांचा सडा, आणि तो झाडूने गोळा करून पोत्यात भरणारे पालिकेचे काका.

हेउन्देच्या किनाऱ्याबद्दल फार लिहीत नाही. लांबलचक स्वच्छ वाळू, मागे काचेचे उंच मनोरे. ज्यांना आवडतं त्यांना आवडतं.

शुक्रवार: डोंगरावरची घरं

थोसॉंग स्थानकाजवळ युद्धकाळात राष्ट्राध्यक्ष सिंगमन री राहत होते ते घर आहे. लाल विटांचं, १९२६ सालचं, जपानी राजवटीत प्रांताच्या गव्हर्नरसाठी बांधलेलं. आता संग्रहालय आहे आणि तिकीट नाही. सोमवारी बंद असतं. अर्ध्या तासात पाहून होतं आणि पुढच्या दोन्ही जागांचा धागा हाती येतो, म्हणून आधी इथे जावं.

तिथूनच गामचॉनला जाणारी लहान बस मिळते. चढ आणि वळणं अशी की उभं राहू नये. बसमधल्या आज्ज्या मात्र पिशव्या घेऊन आरामात उभ्या होत्या. गामचॉनचं चित्र बुसानच्या प्रत्येक जाहिरातीत असतं: डोंगराच्या ओंजळीत बसवलेली निळी, गुलाबी, पिवळी घरं. १९५० च्या दशकात एका नव्या पंथाचे अनुयायी आणि निर्वासित इथे येऊन राहिले. घरं उताराला समांतर ओळींत बांधली, पुढच्याने मागच्याचा उजेड अडवायचा नाही असं ठरवून. रंगांचा आणि पुतळ्यांचा प्रकल्प २००९ चा. त्याआधी ही नुसती गरीब, ओस पडत चाललेली वस्ती होती.

कठड्यावर बसलेल्या, 'द लिटल प्रिन्स' पुस्तकातल्या छोट्या राजपुत्राच्या आणि कोल्ह्याच्या पुतळ्याशेजारी फोटो काढायला जी रांग होती, तिच्यात आम्ही उभे राहिलो नाही. मुख्य रस्ता सोडून एखाद्या जिन्याने खाली उतरलं की गर्दी संपते. अंगणात मिरच्यांची कुंडी, दोरीवर वाळत घातलेले मोजे, दाराशी "इथे माणसं राहतात, हळू बोला" अशा अर्थाची पाटी. ती पाटी वाचून आम्ही खरंच आवाज कमी केला आणि लाजही वाटली. उघड्या दारातून आत डोकावणारे पर्यटक मी त्या तासाभरात पुष्कळ पाहिले.

पण या दिवसाचं खरं ठिकाण त्याच्या पलीकडे होतं. गामचॉनच्या खिंडीतून दहा-पंधरा मिनिटं खाली चालत गेलं की आमी-दोंगची वस्ती लागते. इथे पूर्वी जपानी लोकांचं दफनस्थान होतं. १९४५ मध्ये ते मायदेशी गेले, थडगी राहिली. पाच वर्षांनी निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा शहरात हातभर जागा उरली नव्हती, आणि थडग्यांचे चौथरे मात्र आयते, सपाट, दगडी. लोकांनी त्यांवरच भिंती उभ्या केल्या. नावं कोरलेले दगड पायऱ्यांना लागले, जोत्याला लागले. एका घराबाहेर गॅसचा सिलिंडर ठेवलाय तो दगड भाचीने दाखवला: खालच्या कडेला अक्षरं स्पष्ट दिसतात.

मी वाकून पाहत होते तेव्हा घरातून एक आजी बाहेर आल्या. रागावतील असं वाटलं. त्यांनी "कुठून आलात?" विचारलं, भाचीने सांगितलं, आणि त्या आत जाऊन संत्री घेऊन आल्या. पायरीवर बसून त्यांनी सांगितलं ते असं: त्या लहानपणी आईच्या पाठीवर बसून इथे आल्या. रात्री भीती वाटायची. सणाच्या दिवशी आई भाताची पहिली वाटी या दगडापुढे ठेवायची, "घर त्यांचं आहे, आपण भाडेकरू," म्हणायची, आणि मग मुलांना वाढायची. आता त्या स्वतः ठेवतात. मी विचारलं, अजून भीती वाटते का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, मेलेल्यांची नाही, पावसाळ्यात ही भिंत ढासळेल त्याची वाटते.

आमच्या ह्यांनी पैसे द्यायला पाकीट काढलं, भाचीने डोळ्यांनीच दटावलं. पिशवीत राजगिऱ्याच्या चिक्कीचं पुडकं होतं, ते दिलं. आजींनी लगेच एक तुकडा तोडून दाताने आवाज करत खाल्ला.

जेवायला मिलम्योन. उत्तरेकडच्या लोकांना गार रश्शातल्या बकव्हीटच्या शेवया खायची सवय. इथे आल्यावर ते पीठ मिळेना, पण अमेरिकेच्या मदतीतला गहू मिळायचा. मग गव्हाच्याच शेवया करून त्याच बर्फाळ रश्शात टाकल्या. आज तो बुसानचा खास पदार्थ. बर्फाचे तुकडे तरंगत असतात, वर तिखट लाल वाटण, काकडी, अर्धं अंडं. बाहेर बारा अंश तापमान आणि मी गार शेवया खातेय. पहिल्या घासाला दात शिवशिवले, वाडगा मात्र संपवला. रस्सा हाडांचा असतो, म्हणून ह्यांनी शेजारी उकडलेल्या मांडूवर भागवलं. म्हणजे मोमो हो, सारण पाहून घेतलेले.

शनिवार: स्मशानभूमी, पूल आणि वारा

देयॉन-दोंगमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या दफनभूमीला किती पर्यटक जातात माहीत नाही, आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय एक तुर्की कुटुंब होतं. जगात संयुक्त राष्ट्रांची अशी ही एकच. १९५१ मध्ये सुरू झाली, सुमारे २,३०० सैनिक इथे आहेत, सर्वांत जास्त ब्रिटिश, त्याखालोखाल तुर्की. अमेरिकेने आपली बहुतेक माणसं परत नेली. मधून एक अरुंद पाण्याचा पाट जातो, त्याला डॉंट या ऑस्ट्रेलियन सैनिकाचं नाव आहे. इथल्यांत तो सर्वांत लहान, सतरा वर्षांचा. तुर्की आजोबा एकेका नावापुढे थांबत पुढे जात होते आणि त्यांचा नातू पाटातले मासे मोजत होता.

झेंड्यांच्या रांगेत तिरंगा आहे. भारताने लढणारी फौज पाठवली नव्हती, पण ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स हे लष्करी डॉक्टरांचं पथक लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली नोव्हेंबर १९५० मध्ये याच बुसान बंदरात उतरलं आणि साडेतीन वर्षांच्या आसपास राहिलं. मार्च १९५१ मध्ये त्यांतले काही जण अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून उड्या मारून थेट रणात उतरले. आणि एक आपल्याकडची आठवण: युद्ध थांबल्यावर मायदेशी परत जायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांची राखण करायला भारताची फौज आली, तिचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरजवळच्या वडगावचे. सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना दक्षिणेच्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून त्यांना बोटींवरून हेलिकॉप्टरने थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेलं होतं. काल ज्यांचं घर पाहून "किती साधं" म्हणाले होते, त्यांच्याबद्दल आमच्या ह्यांचं मत इथे जरा बदललं.

प्रवेशद्वाराकडे जाताना थांबून पाहा. ते १९६६ चं, किम जुंग-अप या वास्तुविशारदाचं. ते त्याआधी चंडीगड आखणाऱ्या ल कॉर्ब्युझिएच्या पॅरिसमधल्या कचेरीत होते, चंडीगडची रेखाटनं तिथे चालली होती त्याच वर्षांत.

दुपारी दोनला योंग्दोचा पूल उघडतो, फक्त शनिवारी. हे वेळापत्रक लक्षात ठेवूनच शनिवार बुसानमध्ये ठेवा. १९३४ चा हा पूल, कोरियातला पहिला उघडणारा. १९६६ नंतर उचलणं बंद झालं होतं, २०१३ पासून परत सुरू झालं. भोंगा वाजतो, गाड्या थांबतात, आणि सुमारे एकतीस मीटरचा रस्ता, त्यावरच्या रेषांसकट, हळूहळू उभा राहतो. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. पण लोक त्यासाठी येत नाहीत असं भाचीचं म्हणणं. पळताना घरातली माणसं ताटातूट झाली तर कुठे भेटायचं, तर बुसानच्या योंग्दो पुलावर, असं ठरवून निघायची, कारण परमुलुखातल्या माणसाला या शहरातली तेवढी एकच खूण माहीत असायची. पुलाच्या कठड्यांवर नावांचे कागद चिकटवलेले असत. पुलाखाली ज्योतिष्यांची गल्ली उभी राहिली, "माझा नवरा जिवंत आहे का" हे विचारायला येणाऱ्या बायकांसाठी. पूल उभा होत असताना आमच्या बाजूच्या म्हाताऱ्या जोडप्यातल्या आजोबांनी टोपी काढून हातात घेतली. पूल खाली आल्यावर घातली आणि दोघं आइस्क्रीम घ्यायला गेली.

पूल ओलांडून हिन्योउलची कड्यावरची वस्ती. पांढऱ्या भिंतींची एकच अरुंद वाट, खाली समुद्र, दूरवर नांगर टाकून थांबलेली मालवाहू जहाजं. गामचॉन आणि हे यांत एकच जमणार असेल तर मी हेच निवडेन. इथे बसता येतं.

संध्याकाळी ग्वांगआल्लीच्या किनाऱ्यावर ड्रोनचा खेळ असतो, दर शनिवारी, उन्हाळ्याच्या वेळापत्रकात आठ आणि दहा वाजता. वाळूवर पाय ठेवायला जागा नव्हती. आठला पाच मिनिटं असताना भाचीच्या फोनवर सूचना आली: वाऱ्यामुळे रद्द. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. कोणीही उठलं नाही. चटया होत्याच, फोनवरून तळलेलं चिकन मागवलं गेलं, आणि ते पोचवणारी पोरं स्कूटरवरून थेट वाळूच्या कडेला आली. समोर २००३ चा सात-साडेसात किलोमीटरचा ग्वांगआन पूल दिव्यांचे रंग बदलत होता. शेजारच्या कॉलेजच्या मुलांनी आम्हाला चटईचा कोपरा दिला आणि ह्यांना विचारलं, भारतात क्रिकेट खेळता का? मग तासभर हे उठले नाहीत.

रविवार: मंदिर, गरम पाणी, पाजोन

मेट्रोच्या पहिल्या मार्गाने बमोसा स्थानक, तिथून ९० क्रमांकाची बस. ६७८ साली उइसांग या भिक्षूने स्थापलेलं हे मंदिर गुमजोंग डोंगरात आहे. पहिल्या दरवाजाचे खांब दगडी, आखूड आणि जाडजूड, त्यावर लाकडी छताचा एवढा भार की हे कसं उभं आहे हे कळेपर्यंत मान दुखते. बुद्धजयंतीचे कागदी कंदील टांगायचं काम चालू होतं. समुद्रावरचं देऊळ फोटोसाठी, हे थांबण्यासाठी.

परतताना ओंचोनजांगला उतरलो, दोंगनेच्या गरम पाण्याच्या झऱ्यांचा भाग. स्नानगृहात बायका-पुरुषांचे विभाग वेगळे, आणि आत कपडे चालत नाहीत, पोहण्याचासुद्धा पोशाख नाही. भाचीने आधीच सांगून टाकलं, "मावशी, मी बाहेर कॉफी पीत बसते." ह्यांनी रस्त्याकडेच्या मोफत कुंडात गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसणं पसंत केलं. मी एकटी गेले. पहिली पाच मिनिटं कठीण जातात. मग लक्षात येतं की तुमच्याकडे कोणीही बघत नाहीये: आजी, सून, नात, सगळ्या आपापल्या अंग घासण्यात मग्न. पैसे देऊन घासूनही घेता येतं. एका दणकट बाईने मला टेबलावर आडवं करून खरखरीत हिरव्या हातमोज्याने असं घासलं की टाचेवरची वजरी सगळ्या अंगावरून फिरतेय असं वाटलं. हा हातमोजा बुसानमध्येच १९६० च्या दशकात निघाला, कापड इटलीचं म्हणून नाव इटली टॉवेल. निघालेला मळ तिने मला अभिमानाने दाखवला. बाहेर आले तेव्हा भाची म्हणाली, "दोन छटा उजळलीस."

जवळच दोंगने पाजोन खाल्लं. अख्ख्या कोवळ्या कांद्याच्या पाती तव्यावर आडव्या अंथरून, वर तांदळाचं पीठ, कोळंबी, शिंपले, अंडं. मधोमध मऊ, ओलसर राहतं, कुरकुरीत नसतं, त्यामुळे पहिल्यांदा खाणाऱ्याला कच्चं वाटू शकतं. रात्री भाची आणि मी ह्यांना खोलीवर सोडून त्वेजी गुकबाप खायला गेलो: डुकराच्या हाडांचा पांढरा रस्सा, भात, आणि मिठाऐवजी खारवलेला जवळा. तो जवळा आपल्या हाताने घालायचा असतो. मी कोकणच्या हाताने घातला, आणि दुकानदारीण येऊन वाटी उचलून घेऊन गेली.

सोमवार: विमानतळाच्या वाटेवर

संध्याकाळचं विमान असेल तर एक अर्धा दिवस शेजारच्या गिम्हे शहराला द्यावा. सासांगहून जी हलकी मेट्रो विमानतळाला जाते तीच पुढे तिथे पोचते. सामान विमानतळावर ठेवून आम्ही इथल्या प्राचीन राज्याचा संस्थापक राजा सुरो याची समाधी पाहायला गेलो. गवताचा भलामोठा घुमट, भोवती झाडं, प्रवेश मोफत. तेराव्या शतकातल्या 'सामगुक युसा' ग्रंथात कथा आहे की इसवी सन ४८ मध्ये 'आयुता' देशाची राजकन्या समुद्रमार्गे आली आणि सुरोची राणी झाली. आयुता म्हणजे अयोध्या, अशी इथल्यांची श्रद्धा. इतिहास म्हणून याला पुरावा नाही, पण समाधीच्या दरवाजावर समोरासमोर दोन मासे रंगवलेत, आणि स्वतःला या दोघांचे वंशज मानणाऱ्या गिम्हेच्या किम कुळाने अयोध्येत २००१ मध्ये राणीचं स्मारकही उभारलं.

आवारात फिरणाऱ्या एका काकांनी आम्हाला पाहून भाचीला विचारलं, इंडिया? हो म्हटल्यावर ते म्हणाले, मी गिम्हे किम, म्हणजे तुम्ही आमच्या आजीच्या माहेरचे. ह्यांनी भाचीकरवी समजावायचा प्रयत्न केला की अयोध्या आमच्या रत्नागिरीपासून रेल्वेने दीड दिवस लांब आहे. काकांनी ऐकून घेतलं, यंत्रातून आम्हा तिघांसाठी कॉफी आणली, पैसे घेतले नाहीत, आणि माहेरच्या लोकांनी एवढ्या वर्षांनी यावं आणि तासाभरात परत निघावं, हे काही बरोबर नाही असं सुनावलं. विमानाला तीन तास होते. आम्ही दुसरी कॉफी घेतली.